आबा जाऊन पंधरा दिवस, आणि घरात हसू

मे २०२१ मध्ये अमळनेर तालुक्यातून आलेलं हे पत्र थोडं आटोपशीर करून देते.

«मावशी, एप्रिलमध्ये आमच्या घरातले पाच जण कोरोना पॉझिटिव्ह आलो. आम्ही चौघं घरीच बरे झालो. सासरे, म्हणजे आबा, दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. माझी नणंद सुरतला असते, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. तिला येता आलं नाही. पंधराव्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी ओट्यावर आबांचा मागच्या वर्षीचा गावबंदीचा किस्सा काढला आणि आम्ही पोट धरून हसलो. नेमका तेव्हाच आक्काचा व्हिडिओ कॉल आला. मी हसतच उचलला. ती म्हणाली, "बाप जाऊन पंधरा दिवस होत नाहीत आणि तुमच्याकडे तमाशा चाललाय?" तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही. आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, बोलली नाही. मालक हसतही नाहीत, रडतही नाहीत. खळ्यात जाऊन बसतात, अंधार पडला की घरी येतात. धाकटा मुलगा अंगणात अँब्युलन्स-अँब्युलन्स खेळतो, ते बघून काळजात धस्स होतं. मी मात्र गेलं वर्षभर काहीबाही बोलून, नकला करून घर हसतं ठेवत आलेय. आता वाटतं, मी निर्लज्ज झालेय का?»

पोरी, निर्लज्ज माणूस असं पत्र लिहायला बसत नाही. त्यामुळे त्या प्रश्नात मी फार वेळ घालवणार नाही. तुझी खरी अडचण आक्का आहे, आणि आक्काची अडचण काय आहे हे कळायला तो किस्सा माहीत हवा. तू तो दोन पानं भरून लिहिलायस, वाचताना मीही हसले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते.

मे २०२०. तुमच्या गावाने वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केलेला. शेजारी टेबल, प्लास्टिकची खुर्ची, सॅनिटायझरची बाटली आणि ग्रामपंचायतीचं रजिस्टर. पाळीपाळीने पहारा. आबांच्या पाळीला भर उन्हात मोटरसायकलवर एक कुटुंब आलं. पुढे टाकीवर पिशव्या, मागे बाई, मध्ये लहान मुलगी, तिघांची तोंडं रुमालाने बांधलेली. सुरतेहून आलेले आबांचे सख्खे जावई, लेक आणि नात! आबांनी ओळख म्हणून दाखवली नाही. चष्मा लावला, रजिस्टर उघडलं. नाव काय? कुठून आले? किती जण? जावयाने निमूट सगळं सांगितलं. कुणाकडे जायचंय, तर म्हणे सासऱ्याकडे. आबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "सासरा घर नही शे." आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : 'सासरा गेटवर ड्युटीवर. पाहुण्यांची सोय शाळेत.' मग जावयाला, लेकीला आणि नातीला चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं. रोज संध्याकाळी आमरसाची किटली काठीला अडकवून कंपाउंडवरून आत सोडायची आणि रात्री शाळेच्या फाटकाबाहेर स्वतःची खाट टाकून झोपायचं. का, तर शाळेच्या मागे विंचू निघतात आणि पोरगी भिते.

आता सांग, या गोष्टीत आक्का कुठे आहे? अगदी मधोमध. मोटरसायकलवर मागे बसलेली ती, शाळेत चौदा दिवस काढलेली ती, विंचवाला भिणारी पोरगी तिची. बाप बाहेर खाटेवर झोपलाय हे तिने खिडकीच्या गजांतून रोज रात्री पाहिलंय. आणि त्याच गोष्टीवर तुम्ही हसत होतात तेव्हा ती सुरतेत होती, एकटी, हातात फोन धरून. तिला नुसतं हसू ऐकू आलं. किस्सा आला नाही, आबा आले नाहीत, सासूबाईंचा सांगण्याचा ढंग आला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तुम्ही हसलात याचा तिला राग नाही. आपल्याला सोडून हसलात, याचा आहे. आणि त्याच्याही आधीचा राग असा की बापाचं शेवटचं सगळं तिला सोडूनच झालं. गेले दवाखान्यात, तिला सोडून. अग्नी दिला, तिला सोडून. दहावा नदीवर पाच माणसांत झाला, तिला सोडून. कुणी मुद्दाम केलं नाही हे तिलाही कळतं, पण कळतं म्हणून राग जात नाही. कोरोनावर काढता येत नाही, सरकारवर काढून उपयोग नाही. मग तो हसत फोन उचलणाऱ्या भावजयीवर निघतो. तू समोर होतीस, एवढाच तुझा गुन्हा.

'सुतकात हसायचं नसतं' असं कुणी म्हणालं तर मला प्रश्न पडतो की ही माणसं कधी दहाव्याला नदीवर गेली नाहीत की काय. पिंड मांडलेला असतो. कावळे समोरच्या झाडावर बसलेले असतात, पण एकही खाली उतरत नाही. ऊन चढत जातं. मग भाऊबंद एकेक करून पुढे होतात, हात जोडतात. "बापू, धाकल्याचं लग्न आम्ही करून देऊ." कावळा ढिम्म. "बापू, बांधाचं भांडण मिटवू." कावळा मान वळवून दुसरीकडे बघतो. "बापू, काकूला अंतर देणार नाही." तरी नाही. शेवटी कोपऱ्यातून एक म्हातारा ओरडतो, "अरे, त्याची तंबाखूची पुडी ठेवा रे पहिले!" पुडी पिंडाशेजारी ठेवली आणि कावळा खरंच झडप घालून आला की सगळा घाट हसतो. ज्याने डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेत तो मुलगासुद्धा हसतो, आणि हसता हसता त्याला असा हुंदका येतो की दोघांनी धरावं लागतं. अशा घाटावर कुणाला निर्लज्ज म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. गेलेल्या माणसाच्या खोड्या, त्याचा हट्टीपणा, त्याची तंबाखू या सगळ्याला तिथे जागा असते. या सव्वा वर्षात आपल्याकडून हिरावलेल्या गोष्टींत हा घाटही आहे. तो न मिळाल्यामुळे तुमच्या घराने ते काम पंधराव्या दिवशी ओट्यावर केलं, इतकंच.

तर आक्काचं काय करायचं. तिला 'सॉरी' लिहून पाठवू नकोस, आणि 'आम्ही काही वाईट हेतूने हसलो नाही' असा खुलासा तर मुळीच नको. खुलासा दिला की भांडण पक्कं होतं. फोनही तू करू नकोस. सासूबाईंना करायला सांग, त्यांचा फोन ती टाळणार नाही. आणि किस्सा सांगायला नको, विचारायला सांग. "आक्का, त्या शाळेत तुम्ही चौदा दिवस काय केलं गं? तुझे आबा बाहेर खाटेवर झोपायचे तेव्हा तुमचं काय बोलणं व्हायचं?" तुमच्याकडे गेटवरचा अर्धा किस्सा आहे. शाळेच्या आतला अर्धा फक्त तिच्याकडे आहे, आणि तो अजून तिला कुणी विचारलेला नाही. कदाचित ती सांगता सांगता रडेल. रडू दे. सासूबाईंनी फोन ठेवायचा नाही आणि मध्ये 'उगी, उगी' करायचं नाही. एखादे वेळी ती असं काही सांगेल की तुम्हाला हसू येईल. पण आधी ती हसेल, मग तुम्ही. या क्रमाबद्दल मी हट्टी आहे. घाव ज्याच्या वर्मी बसलाय त्याने आधी हसायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागून.

आणखी एक. ते रजिस्टर ग्रामपंचायतीत कुठल्या तरी कपाटात असेल. ग्रामसेवकाला विचारून त्या पानाचा फोटो काढ. आबांचं अक्षर आहे त्यात, आणि तो शेराही. फोटो आक्काला एकटीला पाठव, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नकोस. खाली काही लिहू नकोस, हात जोडलेले इमोजीसुद्धा नकोत.

आता वर्षभराच्या तुझ्या नकलांबद्दल. तू लिहितेस की कोरोनाची कॉलर ट्यून सुरू झाली आणि तो खोकला ऐकू आला की सासूबाई फोनमधल्या बाईला म्हणायच्या, "पहिले तू दवाई ले, मंग आमले सांग." हे वाक्य मी आमच्या गल्लीत चार जणींना सांगितलं, चौघी हसल्या. हे हसणं फुकटचं नव्हतं. घाबरवणारी गोष्ट दिवसातून वीस वेळा कानावर आदळत होती आणि एका म्हातारीने तिला घरातल्या बाईसारखं दटावून गप्प केलं. त्या वर्षी सगळीकडे असंच चाललं होतं. आमच्याकडे किराणा दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते, एका गोलात एक माणूस. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गोलात उभं कोण राहणार? लोकांनी गोलात चपला काढून ठेवल्या आणि सगळे जण निंबाच्या सावलीत जाऊन बसले, एकमेकांना खेटून. दुकानदार हाक मारायचा, "लाल पट्ट्याची स्लीपर, या पुढे!" नियमाचं पालनही झालं आणि नियमाचा बोऱ्याही वाजला. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही ते कळत होतं, म्हणून दोघंही हसत होते.

या २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम आला, मोडला तर पन्नास हजार दंड. आपल्या खान्देशात लग्नाच्या पत्रिकेवर नुसती निमंत्रकांची नावंच पंचविसाच्या वर जातात. एका वरबापाने मला विचारलं होतं, "मावशी, वाजंत्री पंचविसात धरायचे की बाहेर?" त्या माणसाची सगळी हौस वाया चालली होती, कर्ज काढून ठेवलेलं, मंडप सांगून ठेवलेला. त्याने स्वतःच्या फजितीवर बोट ठेवलं, मला हसू आलं, त्यालाही आलं.

पण सगळेच जोक या जातीचे नसतात. २०२० च्या एप्रिलमध्ये शेजारी मालेगावात रुग्ण वाढायला लागले तेव्हा एका समाजाच्या भाजीवाल्यांवरून जे फॉरवर्ड आपल्या ग्रुपांवर फिरले, तेही विनोद म्हणूनच फिरले. त्या विनोदांनी हातगाड्यांचं गिऱ्हाईक तुटलं. यंदा लशीवरून तसंच चाललंय. शहरात बसून कुणी तरी 'लस घेतली आणि अमुक झालं' अशी गंमत करतो, ती सातपुड्यातल्या पाड्यावर पोहोचेपर्यंत अफवा झालेली असते आणि तिथल्या आरोग्यसेविकेला दारोदार निस्तरावी लागते. तू ग्रुपवर काय पाठवतेस हे मला माहीत नाही. पण पाठवायच्या आधी एवढं बघ, की ज्याच्यावर जोक आहे तो माणूस तुझ्या ओट्यावर बसलेला असता तर तू तो मोठ्याने वाचला असतास का.

तुझ्या पत्रात मला एक गोष्ट खटकली. सासूबाई कशा आहेत ते लिहिलंस, मालक कसे आहेत ते लिहिलंस, मुलगा, आक्का, सगळ्यांचं लिहिलंस. तुझं स्वतःचं एवढंच की 'मी घर हसतं ठेवते'. अगं, तूही आजारी होतीस. अंगात ताप असताना पाच माणसांचा काढा, वाफ, ऑक्सिमीटर कुणी सांभाळलं? तू कधी रडलीस याचा पत्रात कुठे पत्ताच नाही. घर हसतं ठेवायचं कंत्राट तुला कुणी दिलेलं नाही. घेतलंच असशील तर त्याला सुट्टीचा वार ठेव. एखाद्या संध्याकाळी गप्प बसलीस आणि सासूबाईंनी विचारलं, "काय व्हयनं?" तर त्यांना खरं सांग. त्यांनी नवरा गमावलाय, त्यांना तुझं दुःख जड होणार नाही. उलट सून आपल्यापुढे रडली याचं त्यांना बरंच वाटेल. नकला करणाऱ्या माणसाला आपलं कोणी विचारत नाही, कारण तो ठीकच दिसतो.

मालकांना मात्र हसवायला जाऊ नकोस. निदान आत्ता तरी नाही. तू लिहिलंयस की आबांना दवाखान्यात त्यांनीच नेलं, अँब्युलन्समध्येही तेच सोबत बसले. मग त्यांच्या डोक्यात काय फिरत असेल ते सांगायला ज्योतिषी नको. दोन दिवस आधी नेलं असतं तर. दुसरीकडे नेलं असतं तर. नंदुरबारला नेलं असतं तर. या दुसऱ्या लाटेत खान्देशातल्या कितीतरी घरांत नंदुरबारचं नाव असं निघालंय. तिथले तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिल्या लाटेतच जिल्ह्यात ऑक्सिजनचे प्लांट उभे करायला घेतले, पहिला सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. म्हणून या एप्रिलमध्ये आजूबाजूचे लोक तिकडे धावले. त्या जिल्ह्याने दूरदृष्टी दाखवली, हे खरं. पण रात्री धाप लागलेल्या बापाला अँब्युलन्समधून घेऊन निघालेल्या मुलाने नकाशा उघडून जिल्हे तोलावेत अशी अपेक्षा कुणी करू नये, त्याने स्वतःही करू नये. हे त्यांना एकदा, साध्या शब्दांत सांग. "तुम्ही नेलं म्हणून त्यांना उपचार मिळाले." एकदाच. रोज सांगितलंस तर त्यांना वाटेल, तुलाही शंका आहे.

आणि ते हसत नाहीत म्हणजे मोडले असं समजू नकोस. आपल्याकडे खंबीर माणूस म्हटलं की लगेच हसरा चेहरा डोळ्यासमोर येतो, ते काही खरं नाही. मागच्या वर्षी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका अंगणवाडी सेविकेची बातमी सगळीकडे आली होती. नर्मदाकाठच्या पाड्यांवरच्या गरोदर बायका आणि लहान मुलं कोरोनाच्या धास्तीने अंगणवाडीकडे फिरकेनात, तेव्हा ही बाई स्वतः होडी वल्हवत अठरा किलोमीटरवर त्यांच्याकडे जायची, बाळांची वजनं करायची, आहार पोहोचवायची. बातमीत तिचे दुखणारे हात होते, हसण्या-रडण्याचं मला तरी काही आठवत नाही. तुझे मालक खळ्यात बसून काय करतात ते एकदा बघून ये. नुसते बसत असतील तर वेगळं. पण आबांचं वखर नीट करत असतील, ठिबकच्या नळ्यांची भोकं मोकळी करत असतील, तर त्यांचं चाललंय. मे संपत आला, कपाशीच्या लागवडीची तयारी सुरू झालीच असेल. चहा घेऊन जा, बस, आणि कामाचंच विचार. आबा दोन रोपांत किती अंतर ठेवायचे, कोणत्या बांधापासून सुरुवात करायचे. बाप्या माणसाला 'कसं वाटतंय' विचारलं की तो 'ठीक आहे' म्हणतो आणि विषय संपतो. बांधाचं विचारलं की तासभर बोलतो, आणि त्या तासात बाप दहा वेळा येऊन जातो.

पण काही गोष्टींवर नजर ठेव. झोप उडालेली असेल, ताट तसंच परत येत असेल, 'माझ्यामुळे गेले' हे एकच वाक्य दिवसभर चालू असेल, किंवा 'जगून काय करायचं' असं काही तोंडातून निघालं, तर बांधावरच्या गप्पांवर विसंबू नकोस. धुळ्याला आणि जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथे घेऊन जा, आणि तुझ्या सोबतीला त्यांचा एखादा जिवाभावाचा मित्र घे. गावात कोण काय म्हणेल याचा विचार करू नकोस. गावाने वर्षभरात इतकं बघितलंय की आता त्याला बोलायला वेळ नाही.

धाकट्याच्या अँब्युलन्सबद्दल तू फार घाबरलीयस. त्याने आजोबांना अँब्युलन्समध्ये चढवताना पाहिलं आणि नंतर ते परत आले नाहीत. कुणी त्याला नीट काही सांगितलं नाही, कारण त्या दिवसांत कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. म्हणून तो तेच पुन्हा पुन्हा खेळून बघतो. लहान मुलं असंच करतात. बहिणीला खाटेवर झोपवतो, तोंडाने सायरन वाजवतो, अंगणाला दोन चकरा मारतो. त्याला रागवू नकोस, खेळ बंदही करू नकोस. जवळ बसून तांदूळ निवडत राहा आणि मध्येच विचार, "पेशंट जेवला का रे?" तो काय उत्तर देतो ते ऐक. एक दिवस खेळातला पेशंट घरी येईल, तो कधी येतो ते त्याचं त्याला ठरवू दे. खाटेवरची बहीण मध्येच उठून "मले भूक लागनी" म्हणाली आणि दोघं हसत सुटले तर तूही हस. एक मात्र कर. आबा गेले म्हणजे काय झालं ते त्याला एकदा स्पष्ट सांग. 'देवाच्या घरी गेले' एवढ्यावर सोडून देऊ नकोस, नाहीतर तो विचारेल, अँब्युलन्स देवाच्या घरी जाते का, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल.

आखाजीला आक्का आली नाही याचं तुला वाईट वाटतंय. सलग दुसरी आखाजी अशी गेली. मागच्या साली २६ एप्रिलला लॉकडाऊन, या साली १४ मेला कडक निर्बंध. लेकी माहेरी नाहीत, झाडाला झोके नाहीत, गौराईची गाणी फोनवर. तुमच्या घागरीत तर या वर्षी आबांच्या नावाचं पाणी भरावं लागलं असेल, डांगर (खरबूज) ठेवताना सासूबाईंचे हात कसे चालले असतील ते मी समजू शकते. पुढे श्रावणात कानबाई, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीचा सण आहे. तिचे नैवेद्याचे रोट लावायचे की नाही ते तुमचे भाऊबंद ठरवतील, ज्या घरात माणूस गेलं त्या घराच्या रीती मी बाहेरून सांगू नयेत. पण रोट असोत-नसोत, तोवर गाड्या सुरळीत झाल्या तर आक्काला बोलावून घे. जावयालाही. या वेळी गेटवर कुणी नसेल, पण शाळेकडे एक चक्कर मारायचं म्हणाले तर मारू दे.

शेवटचं, सासूबाईंच्या लशीचं विचारलंयस. कोरोना होऊन बरं झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यायची असं सरकारने या मे महिन्यात (२०२१) सांगितलंय, म्हणजे त्यांचा नंबर जुलैच्या शेवटाकडे येईल. त्यांना शुगर आहे असं तू लिहिलंयस, तर तोवर गोळ्या वेळेवर दे. डोळ्याभोवती किंवा गालावर सूज आली, एका बाजूला चेहरा दुखला, नाकातून काळपट काही आलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि लशीसाठी सरकारच्या कोविन पोर्टलवर नाव टाकायचं काम थोरल्या लेकीला दे. स्लॉट उघडतात आणि मिनिटात संपतात, तिची बोटं तुझ्या-माझ्यापेक्षा चपळ आहेत. सासूबाईंना फोन हातात धरून बसव, आणि ओटीपी आला की तो मोठ्याने ओरडून सांगायची ड्युटी त्यांची.